एड्स-प्रतिबंधाचा खर्च : हिशेब कोणाचा आणि कोणासाठी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचे लेखरूप)



ह्या व्याख्यानाचा विषय ठरला तेव्हा संयोजकांनी माझ्याकडे दोन चिठ्ठ्या पाठवल्या. एका कार्यकर्त्याने विचारले होते की, ज्या देशात क्षयाने दरवर्षी तीन लाखांच्या आसपास माणसे मरतात आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात पुरेसे रक्त नाही, त्या देशाने एड्सवर हजारो कोटी रुपये का खर्च करावेत? दुसऱ्याची हरकत नेमकी उलटी होती. माणसाच्या जिवाचा प्रश्न असताना 'एक लागण टाळायला किती रुपये पडले' असा हिशेब मांडणे हेच मुळी अमानुष नव्हे काय, असे त्याचे म्हणणे होते. दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. पहिल्याला उत्तर द्यायचे तर हिशेब मांडून दाखवावा लागेल. दुसऱ्याला उत्तर द्यायचे तर हिशेब न मांडल्याने काय घडते ते दाखवावे लागेल.

हिशेब ह्या शब्दाकडे आपल्या चळवळीत थोड्या संशयाने पाहिले जाते. हिशेब म्हणजे वाण्याची वही किंवा अर्थखात्याची कात्री, अशी आपली समजूत असते. वस्तुतः काटेकोर हिशेबाची गरज श्रीमंतापेक्षा गरिबाला जास्त आहे. श्रीमंताचे शंभर रुपये वाया गेले तर त्याचे काही अडत नाही; सरकारी दवाखान्यातले शंभर रुपये वाया गेले तर कोणाची तरी औषधाची बाटली रिकामी राहते. अर्थशास्त्रात एखाद्या गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी जी दुसरी गोष्ट सोडून द्यावी लागली ती. ह्या अर्थाने प्रत्येक आरोग्य-योजना दुसऱ्या कुठल्या तरी योजनेच्या जागेवर उभी असते. म्हणून हिशेब मांडायलाच हवा. मात्र तो मांडताना कोणत्या गोष्टी गृहीत धरल्या आणि त्या कोणी धरल्या, हे विचारण्याचा आपला हक्क आपण सोडता कामा नये. माझ्या आजच्या सांगण्याचे सार एवढेच आहे.

भीतीचा खर्च

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली मद्रासमध्ये झाली. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला ह्यांनी वेश्याव्यवसायातील स्त्रियांचे रक्तनमुने तपासले, त्यांतून ती पुढे आली. त्यानंतरच्या काही वर्षांत शासनाने जे केले त्यात विचार थोडा आणि भीती जास्त होती. गोव्याने आपल्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून बाधित माणसाला सक्तीने अलग ठेवण्याची तरतूद केली. डॉमिनिक डिसोझा हा तरुण स्वेच्छेने रक्तदान करणारा होता. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला नेले, आणि ओस पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात त्याला चौसष्ट दिवस कोंडून ठेवण्यात आले. त्याच्या आईने न्यायालयात दाद मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने सुटकेच्या मार्गाचा विचार केला, पण अलग ठेवण्याचा सरकारचा अधिकार मान्यच ठेवला. १९९२ साली डॉमिनिक वारला.

माणुसकीच्या दृष्टीने ह्या घटनेविषयी जे म्हणायचे ते आपण सगळेच म्हणू. पण मला आज तिच्याकडे अर्थशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहायचे आहे. एचआयव्ही स्पर्शाने, श्वासाने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. त्यामुळे पहारेकरी, पोलीस, इमारत ह्यांवर झालेल्या त्या सगळ्या खर्चाने एकही लागण टळली नाही. उलट तपासणीला जाणे म्हणजे तुरुंगात जाणे, असा संदेश गावोगाव गेला आणि लोक तपासणीपासून दूर पळाले. म्हणजे पैसाही गेला आणि लागणही वाढली. हिशेब अमानुष असतो असे म्हणणाऱ्या मित्राला माझे पहिले उत्तर हे आहे की, ह्या प्रकरणातला अमानुषपणा हिशेब न केल्यामुळे घडला होता.

आजही अधूनमधून कोणी तरी मागणी करते की, लग्नापूर्वी सर्वांची एचआयव्ही तपासणी सक्तीची करावी. मागणी वरकरणी शहाणपणाची दिसते. आपण तिचे गणित करून पाहू. आपल्या देशात प्रौढांमध्ये लागणीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे, म्हणजे एक लाख माणसांत दोनशे. समजा, आपली चाचणी निरोगी माणसाच्या बाबतीत शंभरापैकी साडेनव्याण्णव वेळा बरोबर उत्तर देते. उरलेल्या ९९,८०० निरोगी माणसांपैकी जवळजवळ पाचशेजणांना ती चुकून 'बाधित' ठरवील. म्हणजे पहिल्या चाचणीत बाधित ठरलेल्या सातशेजणांपैकी पाचशे निर्दोष असतील. पुढच्या चाचण्यांनी ही चूक दुरुस्त करता येते, आणि आपल्याकडे तशी पद्धतही आहे. पण तोवर किती लग्ने मोडतील, किती मुलींना माहेरी पाठवले जाईल, आणि खेड्यात पसरलेली बातमी परत कशी घेता येईल? एवढे करून एक बाधित माणूस शोधण्यासाठी पाचशेजण तपासावे लागतील. हाच पैसा नशेची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांपर्यंत पोहोचवला, तर २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीतील सुमारे नऊ टक्के प्रमाणानुसार दर अकरा-बारा माणसांमागे एकजण सापडेल, आणि त्याच्याबरोबर सुई वाटून घेणारे दुसरे अनेकजण वाचतील.

खर्चाच्या परिणामकारकतेचा हा पहिला धडा आहे. लागण देशभर सारखी पसरलेली नसते, ती काही वाटांनी जाते. त्या वाटांवर खर्च केलेला रुपया इतरत्र खर्च केलेल्या रुपयाच्या कितीतरी पट काम करतो.

स्वस्त काय ठरले?

१९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, स्थापन झाली. पहिल्या टप्प्याला जागतिक बँकेने ८.४ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. त्याच वर्षी कलकत्त्याच्या सोनागाछी वस्तीत डॉ. स्मरजित जाना ह्यांनी एक प्रकल्प सुरू केला. निरोध वाटणे आणि गुप्तरोगांवर उपचार करणे हा त्याचा मूळ आराखडा होता. पण निरोध वापरा असे बाईला सांगून भागत नाही, हे त्यांना लवकरच कळून चुकले. गिऱ्हाईक नकार देते; बाईच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज असते; घरवालीचा दट्ट्या असतो; रात्री पोलीस येतात. ज्या बाईला 'नाही' म्हणण्याची ताकद नाही, तिच्या हातातले निरोधाचे पाकीट निरुपयोगी असते.

म्हणून तेथे वस्तीतल्याच बायांना प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवले गेले. १९९५ साली त्यांची दुर्बार महिला समन्वय समिती उभी राहिली, आणि त्याच वर्षी त्यांची उषा ही सहकारी पतसंस्था नोंदवली गेली. सहकार कायद्यातली 'सच्चारित्र्या'ची अट त्यासाठी बाजूला सारावी लागली. सावकाराच्या व्याजातून सुटलेली बाई गिऱ्हाईक परत पाठवू शकते, हे अर्थशास्त्र सोनागाछीने आम्हा प्राध्यापकांना शिकवले. नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतील निम्म्याहून अधिक स्त्रिया बाधित झाल्या होत्या. सोनागाछीत ते प्रमाण त्या मानाने पुष्कळच खाली राहिले.

महाराष्ट्रातही हे घडले. सांगलीत १९९२ पासून संपदा ग्रामीण महिला संस्था, म्हणजे 'संग्राम', काम करू लागली. तिच्यातून १९९६ साली 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. नाव लक्षात घ्या. त्यात रोगाचा उल्लेख नाही, अन्यायाचा आहे. २००३ च्या अमेरिकन कायद्याने तिकडच्या मदतीला अशी अट जोडली होती की, पैसे घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाच्या विरोधात असल्याचे लिहून द्यावे. 'संग्राम'ने २००५ साली तो निधी परत केला. ज्या स्त्रियांच्या विश्वासावर सगळे काम उभे, त्यांच्या विरोधात लिहून देऊन ते चालवता येत नाही, हे व्यवहारज्ञान वॉशिंग्टनपेक्षा सांगलीला अधिक होते.

आता आकड्यांकडे वळू. २००३ पासून गेट्स प्रतिष्ठानच्या पैशावर 'आवाहन' नावाचा मोठा प्रकल्प महाराष्ट्रासह सहा राज्यांत चालला. लॅन्सेटच्या जागतिक आरोग्यविषयक नियतकालिकात २०१४ साली त्याच्या खर्चाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दक्षिणेकडील चार राज्यांतील २२ जिल्ह्यांत चार वर्षांत सुमारे दीड लाख माणसांपर्यंत हा प्रकल्प पोहोचला. दरमाणशी सुमारे ३२७ डॉलर खर्च आला. अंदाजे ६१ हजार लागणी टळल्या. आणि एक लागण टाळण्याचा वाढीव खर्च सुमारे ७८५ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने पस्तीस-चाळीस हजार रुपये पडला. निरोगी आयुष्याचे एक वर्ष वाचवण्याचा खर्च ४६ डॉलर निघाला. पुढे आयुष्यभर द्याव्या लागणाऱ्या औषधांची बचत त्यातून वजा केली, तर हा प्रकल्प देशाला फुकटाहूनही स्वस्त पडला, असे त्या अभ्यासाने दाखवले.

पहिल्या चिठ्ठीतल्या मित्राला माझे उत्तर ह्या आकड्यांत आहे. क्षय आणि रक्तक्षय ह्यांच्या वाट्याचा पैसा काढून एड्सला द्या, असे मी म्हणत नाही. ज्या लागणी आज टळतात त्यांच्या उपचारांचा बोजा उद्या ह्याच तिजोरीवर पडणार नाही, आणि एचआयव्हीमुळे बळावणारा क्षयही टळतो. प्रतिबंधाचा हा खर्च इतर रोगांच्या विरोधात जाणारा नाही.

मात्र आकड्यांपुढे लोटांगणही घालू नका. टळलेली लागण कोणी पाहिलेली नसते. 'प्रकल्प नसता तर काय झाले असते' ह्या कल्पनेतून तिचा अंदाज बांधला जातो. ह्याच 'आवाहन'ने पाच वर्षांत सुमारे एक लाख लागणी टाळल्या असे २०११ च्या एका अभ्यासाचे अनुमान होते. २०१३ च्या दुसऱ्या अभ्यासाने वेगळ्या पद्धतीने पहिल्या चारच वर्षांचा आकडा दोन लाखांवर नेला. दोन्ही अभ्यासक प्रामाणिक होते. २००७ साली तर देशातील बाधितांचा अंदाजच ५२ लाखांवरून सुमारे २५ लाखांवर आला. एका रात्रीत कोणी बरे झाले नव्हते. पाहणीची पद्धत सुधारली होती. तेव्हा हिशेबातला आकडा अचूक मापासारखा वापरू नये. दिशा ओळखण्यासाठी तो पुरेसा आहे, आणि त्याने दाखवलेली दिशा स्पष्ट आहे: ज्यांना समाज सर्वांत तुच्छ लेखतो, त्यांच्या संघटनेवर केलेला खर्च सर्वांत फलदायी ठरला.

गृहीत धरलेली किंमत

आता मी त्या हिशेबाच्या दुसऱ्या बाजूकडे येतो. जागतिक बँकेने १९९३ च्या अहवालात आरोग्यखर्च निरोगी आयुर्वर्षांच्या मापाने मोजण्याची रीत रूढ केली. तिला धरून २००२ साली लॅन्सेटमध्ये एक लेख आला. आफ्रिकेत एड्सवरील औषधोपचारापेक्षा प्रतिबंध किमान २८ पट फायद्याचा आहे, म्हणून उपलब्ध पैसा आधी प्रतिबंधाला द्यावा, असे त्याचे प्रतिपादन होते. गणितात चूक नव्हती. पण त्याचा अर्थ एवढाच होता की, ज्यांना लागण झाली आहे त्यांनी मरावे, कारण त्यांना वाचवणे परवडत नाही.

हे गणित कोसळले ते दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणे आपल्या परिचयाची आहेत. पहिले ठिकाण म्हणजे औषधांची किंमत. श्रीमंत देशांत एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांना दहा हजार डॉलरांहून अधिक पडत होते. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद ह्यांनी तीच तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. हे शक्य झाले ते १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. त्या कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट नाकारले होते, केवळ निर्मितीप्रक्रियेवर दिले होते. म्हणजे अर्थशास्त्रज्ञ ज्या किमतीला निसर्गनियम समजून गणितात घालत होते, ती एका कायद्याने ठरवलेली किंमत होती, आणि दुसऱ्या कायद्याने ती खाली आणता आली. २००४ च्या १ एप्रिलपासून भारत सरकारने ही औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. आज सोळा लाखांहून अधिक माणसे ती घेत आहेत.

दुसरे ठिकाण विज्ञानाचे. २०११ साली नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष बाहेर आला. पुणे आणि चेन्नई ही त्यातील केंद्रे होती. बाधित जोडीदाराला लवकर औषधे सुरू केली तर त्याच्याकडून दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, असे त्यात दिसले. म्हणजे उपचार हाच प्रतिबंधही आहे. 'उपचार की प्रतिबंध' ह्या ज्या वादावर २८ पटींचे गणित उभे होते, तो वादच निराधार ठरला. मधल्या दहा वर्षांत मात्र त्या गणिताच्या आधाराने 'थांबा' असे ज्यांना सांगितले गेले, त्यांतले किती जगले असते, ह्याचा हिशेब कोणत्याही तक्त्यात नाही.

ह्यावरून अर्थशास्त्र टाकाऊ आहे असा निष्कर्ष कृपया काढू नका. अर्थशास्त्र आपल्याला दिलेल्या किमतींत काय करावे ते सांगते. किंमत तीच का असावी, हा प्रश्न राजकारणाचा आहे आणि तो विचारण्यासाठीच पक्ष असतो. औषधाची किंमत जशी कायद्याने ठरते, तशी प्रतिबंधाचीही ठरते. धाडीत सापडलेले निरोध पुरावा म्हणून जप्त करणारा पोलीस प्रत्येक टळलेल्या लागणीचा खर्च वाढवत असतो. समलिंगी पुरुषांना गुन्हेगार ठरवणारे ३७७ वे कलम २०१८ पर्यंत तेच करीत होते. त्या कलमाविरुद्धची याचिका २००१ साली एड्सचे काम करणाऱ्या एका संस्थेनेच दाखल केली होती, हे विसरता येत नाही. उलट बाधित म्हणून नोकरी नाकारता येणार नाही, हा मुंबई उच्च न्यायालयाचा १९९७ चा निकाल आणि भेदभावाला बंदी घालणारा २०१७ चा कायदा ह्यांनी तोच खर्च कमी केला. न्यायाच्या ह्या गोष्टी खर्चाच्या तक्त्यात कधी दिसत नाहीत, पण तक्त्यातला प्रत्येक आकडा त्यांच्यावर अवलंबून असतो.

यशाची शिक्षा

आता आजच्या परिस्थितीकडे पाहू. २०२३ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात २५ लाखांहून अधिक बाधित आहेत. महाराष्ट्रात ही संख्या सर्व राज्यांत अधिक, चार लाखांच्या आसपास आहे. त्या वर्षी सुमारे ६८ हजार नव्या लागणी आणि सुमारे ३६ हजार मृत्यू झाले. २०१० च्या तुलनेत नव्या लागणी ४४ टक्क्यांनी, तर मृत्यू जवळजवळ ऐंशी टक्क्यांनी घटले. ही कामगिरी मोठी आहे, आणि तिचे श्रेय वस्तीवस्तीतून फिरणाऱ्या अल्प मानधनावरील बायाबापड्यांना आधी दिले पाहिजे.

पण ह्या यशातच एक धोका दडलेला आहे. साथ ओसरू लागली की, तेवढ्याच खर्चात टळणाऱ्या लागणींची संख्या कमी होते. पहिली शंभर माणसे गाठणे सोपे असते. शेवटची दहा डोंगरात, लपलेल्या खोल्यांत, फिरत्या मजुरांत असतात आणि त्यांच्यापर्यंत पोहोचायला जास्त पैसे पडतात. म्हणजे काम जितके चांगले, तितका प्रत्येक टळलेल्या लागणीचा खर्च वाढलेला दिसतो. अर्थखात्यातला तरुण अधिकारी तक्ता पाहून म्हणतो की, आता ह्या योजनेची परिणामकारकता घटली. हे धरणाची भिंत पाडण्यासारखे आहे, कारण गेल्या वीस वर्षांत गावात पूर आला नाही.

आणि साथ खरोखर ओसरली आहे काय? ती सरकली आहे. मिझोराममध्ये प्रौढांतील प्रमाण २.७ टक्के आहे, देशाच्या सरासरीच्या तेरा पट. तेथे आणि पंजाबात इंजेक्शनच्या सुईने नवी वाट काढली आहे. निर्जंतुक सुया देणे आणि नशेच्या जागी डॉक्टरांच्या देखरेखीखाली पर्यायी औषध देणे हा त्यावरचा उपाय जगभर सिद्ध झालेला आहे. मणिपूरने १९९६ सालीच ते धोरण स्वीकारले होते. मध्य मुंबईत स्वस्तात मिळालेल्या यशाच्या मापाने ऐझॉलचा खर्च मोजणे हा हिशेब नव्हे, ती हिशेबाची चेष्टा आहे.

पैशाच्या बाबतीत एक समाधानाची गोष्ट आहे. २०२१ ते २०२६ ह्या पाचव्या टप्प्यासाठी केंद्राने स्वतःच्या तिजोरीतून १५,४७१.९४ कोटी रुपये मंजूर केले. आकडा मोठा वाटतो. पाच वर्षांनी आणि १४० कोटींनी भागला, तर दरडोई दरवर्षी बावीस रुपये येतात. दोन कप चहाचे पैसे. पण ते आपले आहेत, ह्याला महत्त्व आहे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या नव्या सरकारने परदेशी मदत एकाएकी गोठवली, तेव्हा आफ्रिकेतील कित्येक देशांत दवाखाने बंद पडले आणि आरोग्यसेवक घरी बसले. दुसऱ्याच्या दयेवर उभा असलेला प्रतिबंध दुसऱ्याच्या निवडणुकीत वाहून जातो. 'आवाहन'चे काम वेळीच सरकारकडे सोपवले गेले आणि सरकारने ते घेतले, म्हणून आपण ह्यातून वाचलो.

तथापि पैसा मंजूर होणे आणि तो वस्तीत पोहोचणे ह्यांत अंतर असते. २०१४ च्या सुमारास निधी राज्यांच्या तिजोऱ्यांमार्फत वळवला गेला तेव्हा अनेक ठिकाणी मानधने महिनोन्महिने अडकली. २०२२ च्या जुलैत औषधांच्या तुटवड्याविरुद्ध बाधितांनी दिल्लीत नॅकोच्या दारात महिन्याहून अधिक काळ धरणे धरले. ज्या औषधाचा खंड पडला की विषाणू पुन्हा डोके वर काढतो, त्या औषधाची खरेदी कागदात अडकावी, ह्यासारखी उधळपट्टी नाही. परिणामकारकतेचे सर्व अभ्यास हे गृहीत धरतात की, औषध वेळेवर पोहोचते. ते पोहोचवणे हेही राजकीय काम आहे.

आपले काम

ह्या पार्श्वभूमीवर कार्यकर्त्याने काय करावे? आपल्या जिल्ह्यातील औषधोपचार केंद्रात किती दिवसांचा साठा आहे, रुग्णाला महिन्याची औषधे मिळतात की आठवड्याची, हे जाऊन विचारा. वस्तीत काम करणाऱ्यांचे मानधन किती महिन्यांचे थकले आहे ते पाहा आणि त्यांना किमान वेतनाच्या मागणीत सामील करून घ्या. स्वस्त प्रतिबंधाचा अर्थ स्वस्त मजूर असा होऊ देऊ नका. सक्तीच्या तपासणीची मागणी तुमच्या गावच्या सभेत उठली, तर मघाचे गणित फळ्यावर मांडून दाखवा. आणि वेश्याव्यवसायातील स्त्रिया, तृतीयपंथी, नशेत सापडलेली मुले ह्यांच्या संघटनांना आपल्या मोर्च्यात जागा द्या. खरे सांगायचे तर ह्या बाबतीत आपल्या पक्षाची कामगिरी फारशी अभिमानाची नाही. आपल्यातल्या अनेकांना सभ्यतेची भूल पडली होती, आणि त्यांत मीही होतो.

शेवटची गोष्ट पेटंटची. २००५ साली कायदा बदलून औषधावरच पेटंट देणे आपल्याला भाग पडले. त्या वेळी डाव्या पक्षांनी संसदेत आग्रह धरला म्हणून काही संरक्षक तरतुदी शिल्लक राहिल्या. त्यांचाच उपयोग करून बाधितांच्या संघटनांनी लहान मुलांसाठीच्या नेव्हिरॅपिनच्या पातळ औषधावरील पेटंटला हरकत घेतली आणि २००८ साली ते नाकारले गेले. प्रत्येक व्यापारी कराराच्या वाटाघाटीत ह्या तरतुदींवर दबाव येतो. आपले लक्ष तेथे असले पाहिजे.

कारण २००१ चा प्रसंग पुन्हा आपल्यासमोर उभा आहे. लेनाकापाविर हे वर्षातून दोनदा टोचायचे नवे औषध निघाले आहे. आफ्रिकेतील तरुण स्त्रियांच्या एका चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. २०२५ साली अमेरिकेत त्याची वर्षाची किंमत २८,२१८ डॉलर जाहीर झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दोन भारतीय कंपन्यांनी २०२७ पासून तेच औषध वर्षाला ४० डॉलरमध्ये देण्याचे जाहीर केले. उद्या कोणी अर्थशास्त्रज्ञ तुम्हांला सांगेल की, हे औषध परवडते किंवा परवडत नाही. त्याला नम्रपणे एवढेच विचारा की, त्याने गणितात कोणती किंमत घातली आहे. अठ्ठावीस हजार घातले तर उत्तर 'नाही' येईल, चाळीस घातले तर 'होय' येईल. ह्या दोन आकड्यांमधले अंतर कोणत्याही प्रयोगशाळेने निर्माण केलेले नाही. ते कमी करणे हे तुमचे-माझे काम आहे, आणि एवढे सांगून मी आपली रजा घेतो.